शाईनं लिहिलेला तास

पेन्सिलनं लिहून राहिलात, लिहा. पेननं लिहा का पेन्सिलनं, आता मला काही फरक पडत न्हाई. एके काळी लई फरक पडत होता, त्याच्यापायीच सगळं झालं, पण ते पुढं येईल, आधी मुळापासून घ्या.

मी कंधारचा. किल्ल्याच्या खालच्या अंगाला आमचं घर, दोन खोल्या आणि पुढं पडवी. आमचे बाबा मीठ, मिरची, हळद घेऊन आठवडी बाजार करायचे, आज ह्या गावचा बाजार, उद्या त्या गावचा, आणि मी सात-आठ वर्षांचा असल्यापासून गोणीवर बसून त्यांच्यासंगं. लोक म्हणतात, मास्तर, तुम्ही लई घासाघीस करता. अहो, मी घासाघिशीतच वाढलो. मला भाजी घ्यायला पाठवलं तर कोथिंबीर फुकट घेतल्याबिगर मी येत न्हाई, आमच्या सूनबाईला त्याची लाज वाटते, वाटू दे. तर बाबांनी मला एक गोष्ट शिकवली होती, की गिऱ्हाईक उठून निघालं तर त्याला हाक मारायची न्हाई. त्याला जाऊ द्यायचं. हाक मारली की भाव पडला, आणि नुसता आजचा न्हाई, पुढच्या बाजारचा पण पडला. हे मी जन्मभर पाळलं. एकदाच मोडलं. तेच सांगायला बसलोय.

पेटी मी शिकलो दस्तगीर चाचांकडं. पेटी म्हणजे वाजवायची, हार्मोनियम. बसस्टँडकडं जाताना त्यांचं दुकान होतं, दुकान कसलं, टपरीच, तिथं ते स्टोव्ह, छत्र्या, बॅटऱ्या दुरुस्त करायचे, आणि आसपासच्या पन्नास गावांतल्या भजनी मंडळांच्या पेट्या त्यांच्याकडंच यायच्या. म्हणजे बघा, देवळातली पेटी बिघडली की ती चाचांच्या मांडीवर. मी शाळा सुटली की तिथं जाऊन बसायचो. दोन वर्षं त्यांनी मला पट्टीला हात लावू दिला न्हाई. नुसता भाता मारायचा आणि ऐकायचं. आत पितळेच्या जिभा असतात, त्यांना घासून सूर लावायचा असतो, टोकाला घासलं की सूर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो, आणि घासलेलं पितळ काही परत येत न्हाई. चाचा म्हणायचे, पैले सुनना, बाद में घिसना. मला वाटायचं म्हाताऱ्याला दुसरं वाक्य येत न्हाई. आमच्या घरी तर सोमवारी पिंडीवर बेल वाहिल्याबिगर कुणी पाणी प्यायचं न्हाई, आजी मला म्हणायची, वाण्याचं पोर तू, तराजू सोडून पेटी काय धरतोस. पण पोटात गेलं होतं ते, आता निघणार कसं.

मग बहात्तरचा दुष्काळ. मी मॅट्रिक झालो आणि पावसानं तोंड फिरवलं. काय सांगू तुम्हाला, मिरची कोण घेणार, लोकांकडं भाकरच न्हाई तर मिरची कशाला लावणार. बाबांचे बाजार बंद झाले आणि आम्ही सगळे खडी फोडायला गेलो. दुष्काळी काम. बाजारात गादीवर बसणारे बाबा आणि मी, आई, सगळे एका रांगेत. दुपारी सुकडी मिळायची, गोडसर पीठ, ते ओंजळीत घ्यायचं आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून वाऱ्याकडं पाठ करून खायचं. डाव्या हातानं दगड धरायचा, उजव्यानं हातोडी. एक दिवस हातोडी सटकली आणि डाव्या हाताची करंगळी गेली. ही बघा, अशीच वाकडी राहिली. आई रडायला लागली आणि मी काय म्हणलो माहीत हाय का, मी म्हणलो, रडू नको, देवानं भात्याच्या हाताचं बोट घेतलं, सुराच्या हाताचं न्हाई, सौदा वाईट न्हाई. अठरा वर्षांचा होतो. तेव्हा देवाशी पण घासाघीस चालायची.

पुढं मग नांदेडला एका वकिलाकडं कागद लिहायचं काम धरून संगीताच्या परीक्षा दिल्या, शेवटची पास झालो, शिक्षकाची पदविका पण केली, आणि नोकरी लागली ती तिकडं, देवणीच्या अलीकडं. गावाचं नाव नको. शाळा खाजगी संस्थेची, संस्थेचे अध्यक्ष म्हणजे अप्पा, आडत दुकानाचे मालक, कपाळाला भस्माचे पट्टे, घरात कानडी आणि बाहेर मराठी. माणूस वाईट न्हाई, हे मी आज म्हणतो, तेव्हा म्हणलो नसतो. मुलाखतीला त्यांनी विचारलं, काय काय शिकवशील. मी म्हणलो, हिंदी शिकवीन, भूगोल शिकवीन, झाडलोट करीन, पण संगीताचा तास पाहिजे. अप्पा म्हणाले, बघू. आणि मी फसलो. बाजारात बघू म्हणणारं गिऱ्हाईक कधी घेत न्हाई, हे मला माहीत असून फसलो.

तास होता, न्हाई असं न्हाई. हेडमास्तर निटुरे सर, भिडस्त माणूस, कानाला कायम पेन्सिल, त्यांच्या खोलीत शाळेचं वेळापत्रक टांगलेलं असायचं, मोठा पांढरा कागद, त्यावर गणित, मराठी, विज्ञान सगळं शाईनं, आणि संगीत तेवढं पेन्सिलनं. तपासणीला साहेब आले की दिसायला पाहिजे म्हणून लिहायचं, आणि साहेबांची जीप नाल्यापलीकडं गेली की खोडरबर. गणिताचा भाग मागं पडला की संगीत पुसलं. इंग्रजीचे सर रजेवरून आले की संगीत पुसलं. एकदा तर पोरांना गाळ उपसायला न्यायचं होतं तेव्हा पण संगीतच पुसलं. त्या चौकटीत पुसून पुसून कागद पातळ झाला होता, उजेडाकडं धरला तर पलीकडचं दिसायचं. मी किती वेळा भांडलो, निटुरे सरांच्या टेबलावर हात आपटला, शाईची दौत सांडली एकदा. ते बिचारे म्हणायचे, मास्तर, शाळा काय गाण्यावर चालते का.

आणि पाहुणा आला की मात्र मास्तर. कोण जिल्ह्याचा पुढारी, कोण बँकेचा साहेब, कोण अप्पांचा व्याही, आला की दोन दिवस आधी निरोप, मास्तर, स्वागतगीत बसवा. कुठलंतरी चालू सिनेमाचं गाणं घ्यायचं, त्यात सुस्वागतम कोंबायचं, पोरींना एका रांगेत उभं करायचं आणि पाहुण्यानं चहा पिईपर्यंत गाऊन घ्यायचं. म्हणजे पाटाभोवतीच्या रांगोळीची जी किंमत तीच आमची. पाहुणा तिच्यावर पाय देऊनच पुढं जाणार.

असं पाच-सहा वर्षं चाललं. मग लातूर जिल्हा झाला. त्याआधी आम्ही उस्मानाबादमध्ये, एका कागदासाठी जायचं तर मुक्काम पडायचा, त्यामुळं लोकांना वाटलं आता जिल्हा जवळ आला म्हणजे सगळंच जवळ आलं. त्या सालीही पावसानं दगा दिला होता, बहात्तरएवढा न्हाई, पण विहिरी तळाला गेल्या होत्या, बाया पहाटेपासून आडावर नंबर लावून. आणि अशात बातमी आली की नव्या जिल्ह्यातली गावं बघायला मंत्री येणार, आणि आपल्या शाळेच्या पटांगणावर अर्धा तास थांबणार.

अप्पा स्वतः शिक्षकांच्या खोलीत आले, तसे कधी यायचे न्हाईत. त्यांनी सगळं ठरवलं होतं. मंत्र्याला हार, मग स्वागतगीत, मग अप्पांचं भाषण, त्यात गावाला नळाचं पाणी मागायचं, मग मंत्र्याचं भाषण आणि शेवटी राष्ट्रगीत. ते म्हणाले, कागद दिला तर तो त्यांच्या माणसाच्या पिशवीत जातो, पण सगळ्या गावासमोर माइकवरून मागितलं तर हो म्हणावंच लागतं. हुशार माणूस. मग माझ्याकडं वळले, मास्तर, गाणं असं बसव की मंत्री खुर्चीत रुतला पाहिजे.

मी ओळखलं, हाच बाजार. मी म्हणलो, बसवतो, पण संगीताचे आठवड्याला दोन तास, आठवीला, शाईनं. अप्पा म्हणाले, कार्यक्रम होऊ दे, मग बघू. मी म्हणलो, न्हाई, आधी शाई, मग गाणं. निटुरे सरांच्या कपाळावर घाम. मी आणखी म्हणलो, आणि गाणं माझं राहील, सिनेमाचं न्हाई, ध्रुपद आणि तीन अंतरे, तिन्ही पूर्ण होतील, मधी कुणी थांबवायचं न्हाई. अप्पा हसले, म्हणाले, निटुरे, लिहा. आणि निटुरे सरांनी खुर्चीवर चढून, माझ्या डोळ्यांदेखत, निळ्या शाईनं दोन चौकटींत संगीत असं लिहिलं. त्या पातळ कागदावर शाई फुटली जरा. मला वाटलं मी जग जिंकलं.

मग सहा आठवडे. ते मात्र नीट लिहा. आठवीच्या वर्गात बाकं भिंतीला लावायची आणि सगळी पोरं-पोरी खाली बसायची. पहिल्या तासाला मी पेटी उघडलीच न्हाई. म्हणलो, डोळे मिटा आणि ऐका. पोरं फिदीफिदी हसली, एकानं मागून बकरीचा आवाज काढला, मी खडू फेकून मारला, मग गप झाली. पिठाच्या गिरणीचं इंजिन चालू होतं, पुकपुक पुकपुक, म्हणलो, टाळी द्या त्याच्यावर, कितव्या ठोक्याला जोर येतो ते सांगा. आणि मग शाळेमागच्या आडाचा रहाट कुरकुरला. दुष्काळात पाणी खोल जातं, खोल गेलं की दोर लांब, आणि दोर लांब म्हणून रहाटाचा सूर पण लांब. मी विचारलं, हा कोणता. कुणाला काय माहीत. दुसऱ्या आठवड्यात सा रे ग म झाल्यावर पुन्हा रहाट कुरकुरला आणि मागून एक पोरगी न विचारता म्हणाली, सर, ग हाय. मी पेटीवर गंधार धरला. तोच. केसाइतका पण फरक न्हाई. खोटं न्हाई सांगत.

ती शमीम. तिचे वडील रहीमभाई शाळेसमोर सायकलींचे पंक्चर काढायचे. आवाज म्हणाल तर गोड न्हाई, जरा जाड, पण सरळ, जसा पाटातून पाणी निघालं. मी ठरवलं की ध्रुपद हिच्याच गळ्यातून निघणार. रहीमभाई न्हाई म्हणाले. मी त्यांच्या दुकानात चार दिवस बसलो, सायकल नसताना. ते म्हणाले, मास्तर, पोरगी स्टेजवर, लोक नावं ठेवतात. मी म्हणलो, स्टेजवर न्हाई, खाली. म्हणाले, पुढं न्हाई. मी म्हणलो, दुसऱ्या रांगेत, डोक्यावर ओढणी घेऊन. शेवटी म्हणाले, तुमच्या भरवशावर. ते शब्द मी विसरलो न्हाई.

गाणं मी रचलं. पहिला अंतरा नव्या जिल्ह्याचा, दुसरा आमच्या मातीचा, आणि तिसरा पाण्याचा. अप्पा भाषणात मागणार ते मी गाण्यात घातलं होतं, आणि मी ते कुणाला सांगितलं न्हाई, म्हणलो, बघू, मंत्री कुणाच्या मागण्यानं पाघळतो.

त्या दिवशी मंत्री अकराला येणार होते ते आले चारला. पोरी दहापासून उन्हात. टँकरचं पाणी मंडपातल्या खुर्चीवाल्यांना, पोरींना न्हाई. मी स्वतः दोन घागरी भांडून आणल्या. पोरी स्टेजच्या पायऱ्यांपाशी खाली उभ्या, त्यांच्या बाजूला मी पेटी घेऊन, पेटीसमोर माइक, आणि पोरींच्या पलीकडं मंत्र्यांची गाडी. हे ध्यानात ठेवा, गाडी आणि पोरी एकाच अंगाला.

हार झाले. मी सूर दिला. शमीमनं ध्रुपद उचललं आणि पटांगण गप झालं. सहा तास उन्हात उभी राहिलेली पोरगी, ओठ फुटलेले, पण सूर जागचा हलला न्हाई. पहिला अंतरा झाला. स्टेजवरून कुणीतरी चिठ्ठी पाठवली, एकच अंतरा घ्या, वेळ न्हाई. मी ती चिठ्ठी भात्याखाली सारली. दुसरा अंतरा सुरू केला तर अप्पा वाकून मला खुणा करायला लागले, साकु, साकु. कानडीत साकु म्हणजे पुरे. घाबरले की ते कानडीत यायचे. माझं टाळकं सटकलं. तिन्ही पूर्ण होतील असं ठरलं होतं ना, शाईच्या वेळी. मी मान खाली घालून वाजवत राहिलो. आणि मान वर केली तर मंत्री खुर्चीतून उठलेले, त्यांचा माणूस त्यांच्या कानात काहीतरी सांगून राहिला, आणि ते पायऱ्यांकडं निघाले. गाडीकडं.

गिऱ्हाईक उठलं होतं. आणि तिसरा अंतरा राहिला होता.

मला काय झालं ते मला आजवर सांगता आलेलं न्हाई. एकच गोष्ट डोक्यात आली, की ह्या देशात एकच चाल अशी हाय की ती सुरू झाली की चालता माणूस जागच्या जागी उभा राहतो, मंत्री असो का शिपाई. मी मधीच पट्टी बदलली आणि राष्ट्रगीताचे सूर धरले. पोरी शिकवलेल्या, अर्ध्या शब्दावर थांबल्या, ताठ झाल्या आणि गायला लागल्या. आणि सगळं गाव उभं. अप्पा उभे, भाषणाचा कागद हातात. मंत्री उभे, एक पाय वरच्या पायरीवर, एक खालच्या. बावन्न सेकंद. मी मनात म्हणलो, मास्तर, जिंकलास, आता हे संपलं रे संपलं की ह्याला हलायच्या आत तिसरा अंतरा.

संपलं. आणि आमचे पीटीचे सर, पंधरा वर्षांची सवय, राष्ट्रगीत संपलं की शिट्टी फुंकून विसर्जन म्हणायचे, त्यांनी शिट्टी फुंकली, विसर्जन. मी पेटीवर सूर धरला होता पण ऐकतो कोण. लोकांनी सतरंज्या झटकायला सुरुवात केली, लाउडस्पीकरवाल्यानं वायर ओढली, माझा माइक मेला. राष्ट्रगीतानंतर कुणी बोलत न्हाई, कुणी गात न्हाई, हे लहान पोराला ठाऊक असतं, आणि मला, राष्ट्रगीत शिकवणाऱ्याला, त्या घडीला ठाऊक नव्हतं. अप्पांना पण तोंड उघडायची हिंमत झाली न्हाई, कागद तसाच हातात. मंत्र्यांनी हात जोडले, सगळ्यांना नमस्कार केला, गाडीत बसले, गेले. धूळ उडाली ती पोरींच्या तोंडावर.

अप्पा ओरडले न्हाईत. ओरडले असते तर मी पण ओरडलो असतो, मोकळं झालं असतं. ते माझ्यापाशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, मास्तर, तू मागितलंस ते मी आधी दिलं, तू मला काय दिलंस. एवढंच. त्यानंतर नोकरी संपेपर्यंत ते माझ्याशी थेट बोलले न्हाईत.

दुसऱ्या दिवशी मी सकाळी लवकर हेडमास्तरांच्या खोलीत गेलो. वेळापत्रक नव्हतं. निटुरे सर नवीन कागदावर सगळं लिहून काढत होते, गणित, मराठी, विज्ञान. मी म्हणलो, माझं. ते माझ्याकडं न बघता म्हणाले, पेन्सिल असती तर खोडलं असतं हो मास्तर, पुढंमागं पुन्हा लिहिता आलं असतं. शाई होती. म्हणून कागदच फाडावा लागला. म्हणजे माझ्याच सौद्यानं मला मारलं. आठवड्याला दोन, सहा आठवडे, बारा तास. पस्तीस वर्षांच्या नोकरीत मी संगीत शिकवलं ते बारा तास.

गाव तर विचारूच नका. मास्तरानं पाणी घालवलं. आडावरून जायचो तर बाया म्हणायच्या, मास्तर, जरा पेटी वाजवा की, आड भरंल. पोरं मला समाप्त मास्तर म्हणायची. मी एकेकाशी भांडलो, चौकात उभं राहून सांगितलं की मंत्री निघालेच होते, अप्पांचं भाषण तसंही झालं नसतं, मी थांबवलं म्हणून बावन्न सेकंद तरी मिळाले. कुणाला पटलं न्हाई. रहीमभाईंनी दुसऱ्या आठवड्यात शमीमला माझ्याकडं पाठवणं बंद केलं. म्हणाले, पोरींना पण लोक बोलून राहिलेत, गाणाऱ्या पोरींनी पाणी घालवलं म्हणून. मला तुमच्या भरवशावर असं काही ते पुन्हा म्हणाले न्हाईत, म्हणायला पाहिजे होतं. दहावी झाल्यावर तिचं लग्न झालं, भोकरला दिली.

मी पुढं काय केलं, कार्यानुभव शिकवला. खडू करणं, सुतळीच्या पिशव्या. स्वागतगीतं पण बसवली, मधल्या सुट्टीत, एक कडवं, सिनेमाच्या चालीवर. राष्ट्रगीताला मात्र मला पेटी धरू दिली न्हाई, त्याची कॅसेट आणली. नंतर स्वागतगीताची पण आणली. निरोपाच्या दिवशी माझ्याच सत्काराला स्पीकरवर स्वागतगीत लावलं आणि पोरींनी नुसते ओठ हलवले. मी हार घालून घेतला. आणि नळाचं पाणी म्हणाल तर ते आलंच, पंधरा-सोळा वर्षांनी, कुणी न मागता, आणि येतं ते आठ दिवसांतून एकदा.

आता जे सांगतो ते मी घरात पण सांगितलेलं न्हाई. मागल्या वर्षी एका लग्नाहून परत येताना भोकरच्या स्टँडवर नांदेडच्या गाडीची वाट बघत बसलो होतो. एक बाई, बुरखा वर केलेला, कडेवर नातू, माझ्यासमोर येऊन उभी राहिली, म्हणाली, सर, ओळखलंत का. आवाजावरून ओळखलं. बसली शेजारी. पोरं किती, नातवंडं किती, झालं. मी विचारलं, गातेस का. म्हणाली, घरात कोण ऐकून राहिलंय, सर. मग मी माझं नेहमीचं सुरू केलं, अप्पा असे, गाव असं, मंत्री निघालेच होते, मी थांबवलं म्हणून. ती ऐकत होती. मग म्हणाली, सर, ते जाऊन न्हाई राहिले होते. ते आमच्याकडंच बघत खाली येऊन राहिले होते. माझ्याकडं बघून हसले पण. हातानं त्या माणसाला थांब म्हणाले.

मी म्हणलो, गाडी त्याच अंगाला होती. ती म्हणाली, गाडी होती, पण बघत आमच्याकडं होते. मी म्हणलो, मग तू तेव्हा का सांगितलं न्हाईस. म्हणाली, तुम्ही विचारलंच कुठं, सर.

ती चौदा वर्षांची होती, तिला काय कळणार, असं मी माझ्या मनाला सांगतो. पण ती समोर उभी होती, आणि माझी मान पेटीत होती. ती बघत होती, मी भाव करत होतो. चाचांचं ते एकच वाक्य, आणि मी ते पोरांना शिकवत होतो, डोळे मिटा आणि ऐका म्हणून.

मग ती म्हणाली, तिसरा अंतरा राहिलाच की, सर. आणि काय सांगू तुम्हाला, मला तो आठवेना. माझा मी रचलेला, ज्याच्यापायी सगळं घालवलं, त्याचा पहिला शब्द आठवेना. तिनं आजूबाजूला बघितलं, लोक होते, मग तिनं तो गायला न्हाई, नुसता बोलून दाखवला, हळू,

रिती घागर, वाट उन्हाची, पोळत जाती पाय गं,
एवढा पाहुणा दारी आला, पाणी येईल काय गं.

पण पाणी शब्दाच्या आधी थांबली. मी तिथं एक मात्रा मोकळी सोडायला शिकवलं होतं, बरोबर तेवढीच थांबली. म्हणजे चाल आत होती, सगळी, जशीच्या तशी, इतकी वर्षं, आणि बाहेर यायला तिला जागा नव्हती. तेवढ्यात तिची गाडी लागली. तिनं पिशवी उचलली, नातवाला म्हणाली, सरांना सलाम कर, आणि निघाली. मला वाटलं म्हणावं, थांब, एकदा गाऊन दाखव. पण मी हाक मारली न्हाई. जाऊ दिलं.

आता नांदेडला पोराकडं असतो. पेटी पलंगाखाली हाय, भाता झुरळांनी खाल्ला, दुरुस्त करणारं कोण उरलं न्हाई, चाचा कधीच गेले, त्यांच्या जागी मोबाइलची टपरी हाय. नातवाच्या शाळेत मी एकदा विचारून आलो, संगीताचा तास हाय का. त्या बाई म्हणाल्या, आजोबा, ते आम्ही संमेलनाच्या आधी दोन आठवडे घेतो.

अप्पा गेले, निटुरे सर गेले, आता भांडायचं कुणाशी. तुम्ही गावोगाव फिरता, लोकांचं लिहून घेता, कुठं एखादा पेटी घेऊन बसलेला मास्तर भेटला तर माझा एवढा निरोप द्या. तास पेन्सिलनं मिळाला तर पेन्सिलनं घे म्हणावं, जास्ती ताणू नको. आणि वाजवताना मान वर ठेव म्हणावं. देव त्याला बाराहून एखादा तरी तास जास्ती देवो.